नव्वद दिवसांची नोटीस आणि ड्राफ्टमध्ये अडकलेला राजीनामा

"नवी कंपनी तीस दिवसांत ये म्हणते, जुनी नव्वद दिवस सोडत नाही. आता काय करू?" जास्त पगाराची ऑफर हातात असलेले बहुतेक तरुण माझ्याकडे हाच प्रश्न घेऊन येतात. पूर्वी पुण्याहून सुट्टीत घरी आलेली मुलं हे विचारायची. आता नागपूरच्या मिहानमध्ये आणि परसोडीच्या आयटी पार्कात काम करणारी इथलीच मुलं विचारतात. त्यातल्या एकाची गोष्ट त्याच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय एकोणतीस, काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं, या कंपनीत चार वर्षं झालेली. मनीषनगरात आईवडिलांसोबत राहतो. वडील वेकोलीतून, म्हणजे सरकारी कोळसा कंपनीतून, निवृत्त झालेले. पुण्याच्या एका कंपनीची ऑफर येऊन दहा दिवस उलटले होते आणि राजीनाम्याचा मेल ड्राफ्टमध्येच पडून होता. रात्री तो उघडायचा, दोन शब्द बदलायचा आणि फोन उशाखाली ठेवायचा. झोप उडाली होती. "मॅडम, काहीच समजून नाही राहिलं," तो म्हणाला. "मित्र म्हणतो सांगूच नको, लॅपटॉप कुरिअर कर अन् निघून जा."

हा मित्राचा सल्ला मी अनेकांच्या तोंडून ऐकला आहे आणि तो मला घातक वाटतो. न सांगता गेलं की रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने रीतसर मोकळं केल्याचं पत्र, मिळत नाही, शेवटचा हिशोब अडकतो आणि पुढची कंपनी चौकशी करते तेव्हा जुनी कंपनी काय लिहील ते आपल्या हातात राहत नाही. पीएफच्या नोंदीत कुठे कधीपर्यंत होतो हे दिसतं, त्यामुळे तारखा लपवताही येत नाहीत.

मी त्याला नेमणूकपत्र आणलंय का विचारलं. रुजू झाल्या दिवशी सही केली, त्यानंतर त्याने ते उघडलंच नव्हतं. फोनमध्ये शोधलं, सापडलं, आणि नोटीसचं कलम त्याने मला मोठ्याने वाचून दाखवलं: दोन्ही बाजूंनी नव्वद दिवस, किंवा कंपनीची संमती असेल तर उरलेल्या दिवसांचं मूळ वेतन. त्याने ते वाक्य पुन्हा वाचलं. इतके दिवस तो एकूण पगाराचा हिशोब धरून बसला होता. त्याचं मूळ वेतन २४ हजार. म्हणजे महिनाभर आधी निघायचं तर प्रश्न २४ हजारांचा होता आणि तो साठ हजारांची रक्कम डोक्यात घेऊन जागत होता. प्रत्येकाच्या पत्रात मूळ वेतनच असेल असं नाही, काही ठिकाणी एकूण पगार लिहिलेला असतो. म्हणून पत्र वाचल्याशिवाय मी कुणाशी पुढचं बोलतच नाही.

"पण त्यांनी सोडलंच नाही तर?" हा त्याचा पुढचा प्रश्न. आपल्याकडचा कायदा कुणाला मनाविरुद्ध नोकरीत राहायला लावत नाही. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ अॅक्टप्रमाणे असा करार न्यायालय सक्तीने पाळायला लावत नाही. कंपनी भरपाई मागू शकते, आणि ते हलक्यात घेऊ नये. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेचा, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याचा बाँड वैध धरला. ज्याच्या पत्रात बाँड आहे त्याने वकिलाला दाखवावं. याच्या पत्रात तो नव्हता.

मग पैशांचा हिशोब. घरी तो "चार लाखांची वाढ" असं सांगत होता. आम्ही कागद घेऊन बसलो. ७ लाख २० हजारांच्या जुन्या पॅकेजमधून हातात येत होते सुमारे ५२ हजार. नव्या ११ लाखांमध्ये १ लाख ४० हजार कामगिरीवर अवलंबून, शिवाय कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीही (साधारणपणे पाच वर्षं पूर्ण केल्यावर नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) त्याच आकड्यात धरलेली. हातात येणार होते साधारण ६८ हजार. वाढ महिन्याला सोळा हजारांची, आणि पुण्यात खोलीभाडं, डबा, नागपूरच्या फेऱ्या. आज मनीषनगरात यातलं काहीच लागत नाही. तो गप्प झाला. मग म्हणाला, "तरी जायचंच आहे मॅडम. इथे चार वर्षं एकच काम करून राहिलो, तिथे ऑटोमेशन शिकायला मिळेल." मला हे ऐकायचं होतं. नुसत्या पगारासाठी निघालेला माणूस नोटीसच्या दुसऱ्या महिन्यात जुन्या कंपनीने पगार वाढवून दिला की डगमगतो.

(ज्यांची पाच वर्षं पूर्ण व्हायला दोन-तीन महिने उरले आहेत त्यांनी मात्र तारीख बघावी. नोटीसचे दिवस नोकरीतच मोजले जातात आणि ग्रॅच्युइटीसाठी २४ हजार वेतन धरलं तर पाच वर्षांची रक्कम सुमारे ६९ हजार होते. याला ते लागू नव्हतं.)

एवढं सगळं स्पष्ट झालं तरी मेल जाईना. तेव्हा खरी गाठ सापडली. आईची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा मॅनेजरसरांनी त्याला पंधरा दिवस घरून काम करू दिलं होतं. "सरांना कोणत्या तोंडाने सांगू?" नोटीस, कायदा, पैसे ही सगळी भीती या एका वाक्यामागे उभी होती.

मी मॅनेजर झाले, तो समोर बसला. बोलायला लागल्यावर पहिल्या मिनिटात त्याने चार वेळा सॉरी म्हटलं आणि राजीनामा हा शब्द आलाच नाही. मी त्याला थांबवलं. उपकार मानायचे तर ते आधी आणि एकदाच मानावे, मग राजीनामा सांगावा, मग तारीख. आम्ही वाक्यं बांधली: "सर, आईच्या वेळी तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. मी राजीनामा देतोय. साठ दिवसांत काम नीट सोपवून निघावं असं मला वाटतं, त्याचं वेळापत्रक आणलंय." तीन वेळा म्हणून घेतलं. तिसऱ्या वेळी आवाज कापला नाही. त्याला मी सांगितलं की कुणी अडचणीत मदत केली म्हणून आपली पुढची वर्षं त्याच्या नावावर होत नाहीत. काम अर्धवट न टाकणं एवढं मात्र आपण त्यांचं देणं लागतो.

त्याआधी नव्या कंपनीशी बोलणं झालं. नव्वद दिवसांची नोटीस असलेल्या क्षेत्रातून माणसं घेणाऱ्यांना ही अडचण रोजची असते, विचारलं तर बऱ्याचदा मुदत वाढते. साठ दिवस मिळाले, लेखी. ते लेखी पत्र हातात आल्यावरच त्याने राजीनामा दिला. हा क्रम मी कुणालाच बदलू देत नाही, कारण तोंडी ऑफर लांबलचक नोटीसमध्ये कधी विरून जाते ते कळतही नाही.

सरांनी पहिल्या भेटीत नाही म्हटलं. वेळापत्रक घेऊन दुसऱ्यांदा गेला तेव्हा होकार मिळाला, उरलेल्या तीस दिवसांचं मूळ वेतन कापून. घरी वडील आठवडाभर बोलले नाहीत. "एवढी जमलेली नोकरी कोण सोडतं?" वेकोलीत आयुष्य काढलेल्या माणसाचा हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही. मी त्यांनाही बोलावलं. हिशोबाचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला आणि एकच विचारलं: पीएफचं काय? जुना यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, तोच राहतो, रक्कम काढायची नाही, नव्या कंपनीकडे ट्रान्सफर करायची, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

मुलगा आता पुण्यात आहे. रिलीव्हिंग लेटर मिळालं, हिशोबही मिटला. मॅनेजरसर मात्र शेवटच्या दिवसापर्यंत त्याच्याशी कामापुरतंच बोलले. दिवाळीत नागपूरला आल्यावर त्यांना भेटायला जावं का, हे त्याने मला फोनवर विचारलं. जा म्हटलं.