गाठ उजळली, पण कशामुळे?

कर्करोगाची गाठ दिसावी म्हणून नॅनोकणांवर पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, बसवतात; गाठीतल्या एमएमपी या एन्झाइमने ती कापली की चमक येते. पण उंदरातली गाठ पडद्यावर उजळली की लगेच हुरळून जाऊ नकोस. नॅनोकण गाठीच्या गळक्या रक्तवाहिन्यांतून तसेही आत झिरपतात. एन्झाइमने पेप्टाइड कापलं म्हणूनच चमक आली, हे वेगळं सिद्ध करावं लागतं. त्यासाठी कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे नमुने, आधी बनव: तीच अमिनो आम्लं पण क्रम विस्कटलेलं पेप्टाइड, आणि एमएमपीचा इनहिबिटर, म्हणजे ते रोखणारं रसायन, दिलेला उंदरांचा गट. दोन्हीकडे चमक कमी झाली नाही, तर कण नुसता साचतोय असं समज.

पेप्टाइड कणावर फार दाटीने बसवू नकोस, एन्झाइमला शिरायला जागाच उरत नाही. बफरमधल्या, म्हणजे साध्या क्षार-द्रावणातल्या, आकड्यांवर विसंबू नकोस. कण ३७ अंशांवर सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवात, रात्रभर ठेवून टिकतो का ते बघ. आणि एमएमपी-९ (एमएमपीचाच एक प्रकार) सुजेतही वाढतं, तेव्हा कर्करोग नसलेला सुजलेला भागही तपासच. मला हाच कंट्रोल सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि घाईत नेमका तोच राहून जातो.