मॉडेलं कमी काढली तरच अपडेट वेळेवर येतील

माझ्याकडे आलेल्या एका प्रश्नात दोन तक्रारी आहेत. कंपन्या वर्षाच्या आत नवा फोन काढतात ही एक, आणि दीड वर्षापूर्वी घेतलेल्या फोनला आता तीन-तीन महिने अपडेट येत नाही ही दुसरी. त्यावरून विचारलं आहे की नवं मॉडेल आणि अपडेट किती काळाने यायला हवं, आणि पंधरा-वीस हजारांचा फोन घेताना याची पारख कशी करायची. या तक्रारी वेगवेगळ्या नाहीत. दुसरीचं मूळ पहिलीत आहे, म्हणून आधी हिशोब मांडतो.

समजा, एक कंपनी वर्षाला २० मॉडेलं काढते आणि प्रत्येकाला ४ वर्षं सुरक्षा अपडेट देते. चौथ्या वर्षाच्या शेवटी तिला एकाच वेळी ८० मॉडेलं सांभाळायची असतात. प्रत्येकाचं महिन्याला एक, म्हणजे वर्षाला ९६० अपडेट. भारत, युरोप आणि बाकीचं जग अशा तीन आवृत्त्या असतील तर २,८८०. दुसरी कंपनी वर्षाला फक्त ४ मॉडेलं काढते, पण ७ वर्षं सांभाळते. तिच्याकडे २८ मॉडेलं, वर्षाला ३३६ अपडेट, तीन प्रदेश धरून १,००८. जवळजवळ दुप्पट काळ सांभाळूनही काम पहिलीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचं. प्रत्येक अपडेटमागे चाचण्याही येतात: कॅमेरा, ब्लूटूथ, चार्जिंगचा वेग, जिओ-एअरटेल-व्हीआयवर कॉल नीट लागतो का, फिंगरप्रिंट चालतो का. माणसं तेवढीच आणि मॉडेलं वाढत गेली, की कात्री स्वस्त आणि जुन्या मॉडेलांवर चालते. महिन्याचं अपडेट तिमाहीवर जातं, मग सहामाहीवर, मग बंद. सॅमसंग तर कोणतं मॉडेल मासिक, कोणतं तिमाही आणि कोणतं सहामाही याची यादीच उघड प्रसिद्ध करते. ही चांगली गोष्ट आहे, निदान आपला फोन कोणत्या रांगेत आहे ते कळतं.

सुरक्षा अपडेट मासिकच का हवं, ते आधी. अँड्रॉइडमध्ये ही पद्धत ऑगस्ट २०१५ मध्ये सुरू झाली. त्याआधी जुलैत 'स्टेजफ्राइट' नावाच्या त्रुटी बाहेर आल्या होत्या. नुसता एक एमएमएस पाठवून फोनमध्ये शिरकाव करता येईल अशा त्या होत्या, आणि जगभरातल्या फोनपर्यंत दुरुस्ती पोहोचवायची ठरलेली अशी व्यवस्थाच नव्हती. आता गूगल दर महिन्याला सुरक्षा बुलेटिन काढतं आणि फोन कंपन्यांना त्रुटींची माहिती त्याच्या किमान एक महिना आधी देतं. म्हणजे बुलेटिन आलं त्या दिवशी कंपनी शून्यापासून सुरुवात करत नसते. तिला महिनाभर मिळालेला असतो. 'पॅच, म्हणजे त्रुटीची दुरुस्ती, आत्ताच आला, वेळ लागतो' हे कारण म्हणूनच पूर्ण पटत नाही.

पॅचच्या तारखेतही माहिती असते. सेटिंग्ज, अबाउट फोन, अँड्रॉइड व्हर्जन इथे 'सिक्युरिटी अपडेट' म्हणून महिन्याची १ किंवा ५ तारीख दिसेल. १ तारीख म्हणजे अँड्रॉइडच्या मूळ भागातल्या दुरुस्त्या आल्या. ५ तारीख लिहायची तर त्याबरोबर कर्नल (सिस्टीमचा सर्वांत आतला गाभा) आणि चिपशी संबंधित भागांच्या दुरुस्त्याही घालाव्याच लागतात. १ तारीख दिसली म्हणून चिपच्या दुरुस्त्या नाहीतच असं होत नाही, पण ५ तारखेला तेवढी हमी जास्त. त्याच ठिकाणी 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट' ही वेगळी ओळ असते. २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून सिस्टीमचे काही भाग गूगल प्लेमार्फत थेट बदलतं, त्यात फोन कंपनीची वाट पाहावी लागत नाही. मात्र ते अपडेट ताजं आहे म्हणून सुरक्षा पॅचही ताजा आहे असं समजू नका. मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग), ग्राफिक्स, कॅमेरा यांचे ड्रायव्हर, म्हणजे ते भाग चालवणारे प्रोग्रॅम, त्यातून येत नाहीत.

आणि खरा उशीर होतो तो याच ड्रायव्हरांत. २०२२ मध्ये गूगलच्या, त्रुटी शोधणाऱ्या प्रोजेक्ट झीरो गटाने माली ग्राफिक्स चिपच्या ड्रायव्हरमधल्या त्रुटी कळवल्या. माली बनवणाऱ्या ए.आर.एम. कंपनीने त्या जुलै-ऑगस्टमध्ये दुरुस्त केल्या, तरी नोव्हेंबरमध्ये पिक्सेल, सॅमसंग, शाओमी, ओप्पोच्या फोनवर त्या दुरुस्त्या पोहोचलेल्या नव्हत्या. दुरुस्ती जाहीर झाली की ती वाचून मूळ भोक कुठे होतं ते कोणालाही शोधता येतं. म्हणून हा मधला काळ सर्वांत धोक्याचा. मार्च २०२३ मध्ये सॅमसंगच्या काही एक्सिनॉस मोडेममधल्या त्रुटी जाहीर झाल्या, तेव्हा हल्ला करायला फक्त फोन नंबर माहीत असणं पुरेसं होतं. पॅच येईपर्यंत वाय-फाय कॉलिंग आणि व्होल्टी (४जी नेटवर्कवरून होणारे कॉल) बंद ठेवा, असा सल्ला द्यावा लागला. आपल्याकडे जिओचे कॉल व्होल्टीवरच चालतात, तेव्हा हा सल्ला पाळणं म्हणजे साधा कॉलही बंद.

माझं मत असं: सुरक्षा पॅच दर महिन्याला, फोनची किंमत काहीही असो, आणि ज्या त्रुटीचा प्रत्यक्ष गैरवापर सुरू झाला आहे तिची दुरुस्ती महिन्याची वाट न पाहता आठ-दहा दिवसांत. २०२५ मध्ये गूगलने पद्धत बदलली. जास्त धोक्याच्या त्रुटी मासिक बुलेटिनमध्ये आणि बाकीच्या मार्च, जून, सप्टेंबर, डिसेंबरमध्ये एकदम. त्यामुळे जुलै २०२५ च्या बुलेटिनमध्ये एकही पॅच नव्हता. कंपन्यांचा भार यातून हलका होतो हे खरं. पण तिमाही अपडेट देणाऱ्या फोनला तो जड महिना चुकला तर मोठा साठा राहून जातो. असा फोन असेल तर निदान या चार महिन्यांचे पॅच आलेत का तेवढं पाहाच.

मोठ्या आवृत्तीबद्दल, म्हणजे अँड्रॉइड १५ वरून १६ वगैरे, मी इतका आग्रही नाही. वर्षाला एक हा वेग महागड्या फोनला ठीक. ४ जीबी रॅम आणि ईएमएमसी, म्हणजे स्वस्त आणि संथ प्रकारच्या, स्टोरेजच्या फोनला दोन वर्षांतून एक पुरे, कारण प्रत्येक आवृत्तीगणिक सिस्टीम जागा आणि मेमरी जास्त खाते आणि ईएमएमसी भरत आली की लिहिण्याचा वेग पडतो. अडचण अशी की बहुतेक कंपन्या नवी आवृत्ती दिल्यावर जुन्या आवृत्तीवर सुरक्षा पॅच देणं थांबवतात. तुम्ही 'नको, फोन स्लो होईल' म्हणून मोठं अपडेट टाळलंत, की सुरक्षाही तिथेच अडकते. या दोन गोष्टी कंपन्यांनी वेगळ्या करायला हव्यात आणि ते अशक्य नाही. ॲपलने जानेवारी २०२३ मध्ये आयफोन ५एससाठी आयओएस १२.५.७ काढलं. तो फोन २०१३ चा. नवी आवृत्ती चालत नव्हती, तरी जुनीवर दुरुस्ती मिळाली.

आता मॉडेलं. एका मालिकेत दोन वर्षांतून एक, हा वेग मला योग्य वाटतो. हे स्वप्नरंजन नाही. नेदरलँड्सच्या फेअरफोनने तिसरं मॉडेल २०१९ मध्ये काढलं, चौथं २०२१, पाचवं २०२३ आणि पुढचं २०२५ मध्ये. त्यांचा २०१५ चा फेअरफोन २ मार्च २०२३ पर्यंत अपडेट घेत होता. त्यातल्या स्नॅपड्रॅगन ८०१ चिपला क्वालकॉमने अँड्रॉइड ७ साठी आधार दिला नाही, म्हणून ते काम फेअरफोनला स्वतः करावं लागलं आणि ते अपडेट २०१८ च्या शेवटी आलं. चिप कंपनीने हात काढून घेतला की काय होतं ते यावरून कळावं. त्यावरून शिकून २०२३ च्या फेअरफोन ५ मध्ये त्यांनी औद्योगिक वापराची क्यूसीएम६४९० चिप घातली, कारण तिला दीर्घ काळ आधार मिळतो. ॲपलचा आयफोन एसईसुद्धा २०१६, २०२०, २०२२ असाच सावकाश आला.

याउलट भारतात शाओमीचा रेडमी नोट १२ जानेवारी २०२३ मध्ये आला, १३ जानेवारी २०२४ मध्ये आणि १४ डिसेंबर २०२४ मध्ये. दोन वर्षांच्या आत तीन पिढ्या, आणि प्रत्येकीत साधा, प्रो, प्रो प्लस. हे एकट्या शाओमीचं नाही, या किमतीत जवळजवळ सगळेच असं करतात. चिप कंपन्या दरवर्षी नवी चिप आणतात, दसरा-दिवाळीच्या सेलमध्ये 'नवीन' लिहिलेला डबा लागतो, म्हणून हे चाललेलं असतं. ग्राहकाला याचा फटका सुट्या भागांतही बसतो. डिस्प्ले, म्हणजे दुकानात ज्याला फोल्डर किंवा कॉम्बो म्हणतात तो, आणि चार्जिंगचा सीसी बोर्ड हे बहुधा मॉडेलनुसार बदलतात. तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला इतक्या मॉडेलांचे भाग भरून ठेवू शकत नाही. दोन वर्षांनी मूळ प्रतीचं फोल्डर मिळेनासं होतं आणि मग कॉपी बसवली जाते.

युरोपने यावर कायदा केला. २० जून २०२५ पासून तिथे बाजारात येणाऱ्या फोनसाठी मॉडेलची विक्री संपल्यापासून किमान ५ वर्षं अपडेट, ७ वर्षं सुटे भाग आणि ८०० चार्ज सायकलनंतरही (एक सायकल म्हणजे एकदा पूर्ण चार्ज) ८० टक्के क्षमता टिकवणारी बॅटरी असे नियम लागू आहेत. 'विक्री संपल्यापासून' हे शब्द महत्त्वाचे. मॉडेल जितकी वर्षं विकाल तितकी जबाबदारी पुढे सरकते आणि मॉडेलं जितकी जास्त तितकं ओझं जास्त. मात्र तिथला फायदा आपल्याला आपोआप मिळेल असं धरू नका. नाव तेच असून भारतातल्या फोनची चिप किंवा कॅमेरा वेगळा असणं नेहमीचं आहे.

आता तुमच्या खरेदीकडे. आपल्याकडे कंपनीने दिलेलं वचन बहुधा फोन बाजारात आला त्या दिवसापासून मोजतात, तुमच्या बिलाच्या तारखेपासून नाही. जानेवारी २०२४ मध्ये आलेला, ४ वर्षं सुरक्षा अपडेटचा फोन तुम्ही ऑक्टोबर २०२५ मध्ये सेलमध्ये घेतलात, तर हातात राहिली सव्वादोन वर्षं. सेलमधली दोन-तीन हजारांची सूट कशाची आहे ते इथे कळतं. उरलेल्या महिन्यांनी किमतीला भागा आणि मग दोन फोनची तुलना करा. 'दोन मोठी अपडेट' असं लिहिलं असेल तर फोन कोणत्या आवृत्तीवर निघाला ते पाहा. वर्षभर जुन्या अँड्रॉइडवर निघाला असेल तर त्यातलं एक अपडेट फक्त बरोबरीला येण्यात खर्च होतं. स्वस्तात जास्त वर्षं मिळू शकतात: सॅमसंगने गॅलेक्सी ए१६ ५जी ला ६ वर्षांचं वचन दिलं आहे. पण किती वर्षं हे विचारताना महिन्याला की तिमाहीला हेही विचारा. आणि ६ जीबीपेक्षा कमी रॅमचा फोन ६ वर्षांसाठी म्हणून घेऊ नका.

बॅटरीचा हिशोबही त्यात धरा. रोज एक सायकल पकडली तर ८०० सायकल म्हणजे सव्वादोन वर्षं. ६-७ वर्षं फोन वापरायचा तर दोनदा बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च आधीच जमेस धरा.

अपडेट थकलं की नेमकं काय बंद पडतं? फोन चालूच राहतो. पण मे २०२५ पासून अँड्रॉइड १३ आणि त्यापुढच्या फोनला गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत (फोन भरवशाचा आहे का ते ती ॲपला सांगते) सर्वांत वरचा शेरा मिळण्यासाठी गेल्या १२ महिन्यांतला सुरक्षा पॅच लागतो. कोणतं ॲप हा शेरा मागेल ते त्या-त्या ॲपच्या हातात आहे, पण पैशांची ॲप्स तो मागू शकतात. ज्या फोनवर यूपीआय आहे त्याचा पॅच वर्षापेक्षा जुना होऊ देऊ नका.

अपडेट बसवण्याबाबत: मासिक पॅच तीन-चार दिवसांत घ्या. मोठी आवृत्ती मात्र दोन-तीन आठवडे थांबून घ्या, कारण चुका मोठ्या कंपन्यांकडूनही होतात. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८.०.१ ने आयफोन ६ चं नेटवर्क आणि टच आयडी बंद पाडलं आणि ते त्याच दिवशी मागे घ्यावं लागलं. जानेवारी २०२४ मध्ये प्ले सिस्टीम अपडेटनंतर काही पिक्सेल फोनचं स्टोरेजच उघडेना. म्हणून आधी फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, ऑथेंटिकेटर ॲपमधले लॉगिनचे कोड दुसरीकडे ठेवा, किमान १० जीबी जागा मोकळी करा, बॅटरी ५० टक्क्यांच्या वर असू द्या. अपडेटनंतर एक-दोन दिवस फोन गरम होईल आणि चार्ज लवकर उतरेल. ॲप्स नव्या आवृत्तीसाठी पुन्हा तयार होत असतात, लगेच नावं ठेवू नका. चौथ्या दिवशीही तसंच असेल तर बॅटरीच्या यादीत कोणतं ॲप खातंय ते पाहा, ते काढून पुन्हा टाका. फॅक्टरी रीसेट सर्वांत शेवटी. मागच्या आवृत्तीवर जाण्याची आशा ठेवू नका. फोन सुरू करणाऱ्या बूटलोडर या प्रोग्रॅमचा आवृत्ती-आकडा वाढला की परतीचा रस्ता बंद होतो. पिक्सेल ६ ला ऑगस्ट २०२२ मध्ये अँड्रॉइड १३ बरोबर तसंच झालं.

दुकानात गेलात तर तिथला डेमो फोन मागा, वाय-फायला किंवा तुमच्या हॉटस्पॉटला जोडा आणि सॉफ्टवेअर अपडेट तपासायला लावा. मिळणारा सर्वांत नवा पॅच चार महिन्यांपूर्वीचा असेल, तर विक्री चालू असतानाच ते मॉडेल मागे पडलं आहे. तो डबा तिथेच ठेवा.