व्हिडिओला कॅप्शन देताना : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : मी साताऱ्याहून पाककृतींचे व्हिडिओ करते. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून सगळे शब्द चित्रावरच छापते. तरीही यूट्यूबवर वेगळी कॅप्शन-फाइल द्यावी का?

उत्तर : अवश्य द्यावी. कॅप्शन-फाइल म्हणजे बोललेले शब्द आणि ते पडद्यावर दिसण्याच्या वेळा असलेली, व्हिडिओपासून वेगळी मजकुराची फाइल. रील किंवा स्टेटससाठी चित्रावर छापलेले शब्द सोयीचे असतात, कारण असे व्हिडिओ पुष्कळ जण आवाज बंद ठेवूनच पाहतात. मात्र हे शब्द प्रेक्षकाला मोठे करता येत नाहीत, बंद करता येत नाहीत, आणि 'एक चमचा'च्या जागी चुकून 'एक वाटी' मीठ छापले गेले, तर व्हिडिओ नव्याने चढवण्यावाचून गत्यंतर राहत नाही. यूट्यूबवर जुन्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवा व्हिडिओ ठेवता येत नसल्यामुळे आधीचे व्ह्यूज आणि प्रतिक्रियाही जातात. वेगळी फाइल मात्र केव्हाही दुरुस्त करता येते.

प्रश्न : मी जळगावला इतिहास शिकवतो. आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर विसंबून चालेल का?

उत्तर : कच्चा मसुदा म्हणून चालेल, त्याहून अधिक नाही. यूट्यूबने २००९ मध्ये इंग्रजीपासून ही सोय सुरू केली आणि तेव्हापासून ती बरीच सुधारली आहे. तरीही विशेषनामे, सनावळ्या आणि पारिभाषिक शब्द यांत ती आजही अडखळते. आपल्या विषयात तर ही चूक लपून बसते. 'सतराशे एकसष्ट'चे 'सतराशे एकाहत्तर' झाले, तर विद्यार्थ्याला शंकाही येणार नाही, कारण १७६१ हे पानिपतचे साल असले तरी १७७१ मध्येही मराठे दिल्लीत होतेच.

दुसरा धोका मराठी वाक्यरचनेतच आहे. आपला 'नाही' बहुधा वाक्याच्या शेवटी येतो आणि नेमका तिथेच बोलणाऱ्याचा आवाज खाली उतरतो; तो माइकने नीट टिपला नाही, तर 'तह मान्य केला नाही' याचे 'तह मान्य केला' होते. म्हणून तपासताना कॅप्शन नुसती वाचू नयेत, आवाज ऐकत वाचावीत, आणि आकडे व नकार यांच्यासाठी एक वेगळी फेरी ठेवावी.

ओळी कुठे तोडायच्या, हेही त्याच वेळी पाहावे. नेटफ्लिक्सच्या सूचनांमध्ये एका वेळी दोन ओळी, एका ओळीत ४२ अक्षरचिन्हे आणि एक कॅप्शन पडद्यावर अधिकाधिक सात सेकंद, अशी मर्यादा आहे. घरगुती कामालाही ती चांगली लागू पडते. 'शनिवारवाड्याच्या' वरच्या ओळीत आणि 'समोर' खालच्या ओळीत, अशी ताटातूट मात्र करू नये.

प्रश्न : मराठीत टाइप केलेली एसआरटी फाइल (कॅप्शन-फाइलचा एक प्रकार) चढवली, तर सगळीकडे प्रश्नचिन्हे दिसतात. (नागपूर)

उत्तर : फाइल नोटपॅडमध्ये 'अ‍ॅन्सी' या देवनागरी अक्षरे न सामावणाऱ्या जुन्या पद्धतीने जतन झाली असावी. मूळ मजकूर हाताशी असेल तर तो पुन्हा चिकटवून 'सेव्ह अ‍ॅज'मध्ये 'यूटीएफ-८' ही देवनागरी जपणारी पद्धत निवडावी; प्रश्नचिन्हे झालेल्या फाइलमधून मराठी परत मिळत नाही. डीटीपीच्या जुन्या फॉण्टमधला मजकूर असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, बदलून घ्यावा. शिवाय वेळेच्या ओळीतले अंक इंग्रजीच हवेत, आणि सेकंदांनंतर टिंब नव्हे, स्वल्पविराम हवा. देवनागरी अंकांमुळे फाइल नाकारली जाते आणि कारण कळत नाही, असे पुष्कळदा घडते.

प्रश्न : आमची नाट्यसंस्था कणकवलीची आहे. मालवणी संवादांना कॅप्शन प्रमाण मराठीत द्यावे का? पार्श्वसंगीताचा उल्लेख करावा का?

उत्तर : पात्र 'माका' म्हणत असेल, तर कॅप्शनमध्ये 'मला' लिहू नये. थोडेफार ऐकू येणारा प्रेक्षक ओठांच्या हालचाली आणि अक्षरे ताडून पाहत असतो. ती जुळली नाहीत, तर त्याचा गोंधळ उडतो, आणि बोलीचा गोडवा जातो तो वेगळाच. प्रमाण मराठीची फाइल हवी तर दुसरी जोडावी.

आवाजांचा उल्लेख जरूर करावा, पण कथेला लागतील तेवढ्यांचाच. [दारावर थाप] हे लिहायलाच हवे, कारण त्यानंतर पात्र दचकणार असते. मागे सतत चालणारी पेटी प्रत्येक ओळीत नोंदवण्याची गरज नाही. बोलणारा पडद्यावर नसेल, तर त्याचे नाव आधी द्यावे. २०११ च्या जनगणनेत श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या ५० लाखांहून अधिक नोंदली गेली आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गासाठी ही मेहनत घ्यायला नाट्यसंस्थांनी कचरू नये, असे माझे मत आहे.

प्रश्न : पूर्वी प्रेक्षकच इंग्रजी कॅप्शन लिहून पाठवत असत. ती सोय आता दिसत नाही. (ठाणे)

उत्तर : यूट्यूबने ती सप्टेंबर २०२० मध्ये बंद केली. आता आपल्या विश्वासातल्या व्यक्तीला चॅनेलच्या परवानग्यांमधून केवळ सबटायटल संपादनाचा अधिकार देता येतो. पासवर्ड कोणालाही देऊ नये. परदेशातल्या नातवंडांसाठी इंग्रजी हवे असेल, तरी आधी मराठी फाइल निर्दोष करून घ्यावी आणि भाषांतर तिच्यावरूनच करवून घ्यावे. वेळा जुळवण्याचे किचकट काम मग पुन्हा करावे लागत नाही.