खेळण्यातल्या विटांचा मनोरा खालची वीट चिरडेपर्यंत चढवता येईल का?

नाही. त्याच्या कितीतरी आधी तो वाकून पडेल.

तुम्ही ज्या भाराबद्दल विचारताय तो मोजून झालाय. २०१२ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीत बीबीसीच्या एका रेडिओ कार्यक्रमासाठी लेगोची दोन बाय दोनची, म्हणजे माथ्यावर चार बटणं असलेली, वीट यंत्रात दाबली होती. सुमारे ४३० किलोपर्यंत तिने दम धरला, मग फुटली नाही, बसत गेली. त्या हिशोबाने तिच्यावर पावणेचार लाख विटा, म्हणजे साडेतीन किलोमीटर. आकडा बरोबर आहे, पण बांधणाऱ्याच्या काही कामाचा नाही.

कॉलेजच्या प्रदर्शनात आमच्या गटप्रमुखाला हेच पटत नव्हतं. त्याला एकच सडपातळ खांब हवा होता, कारण वीट दणकट आहे. मी म्हणत होतो, पाया रुंद घे, भिंतीसारखे सांधे चुकवून रच. ऐकलं नाही. खांब डोक्यावर गेल्यावर मधेच पोट काढायला लागला, फूटपट्टी दोन्ही टोकांनी दाबल्यावर काढते तसं. मग बाहेरच्या बाजूचा एक सांधा उघडला आणि सगळं खाली. तळाच्या विटांवर ओरखडासुद्धा नव्हता! तो मात्र आजही सांगतो की कोणीतरी टेबलाला धक्का मारला.

धक्का लागलाही असेल. पण वाकलेल्या खांबाची एक बाजू ताणली जाते, आणि ताण घ्यायला या विटांत फक्त बटणांचं घर्षण असतं. दाबाला जबरदस्त, ताणाला लेच्यापेच्या. शिवाय प्रत्येक विटेतला केसाएवढा फरक वर चढत साठतो, ओळंबा लावला तरी.

दोन बाय दोनचा एकेरी खांब माझ्या हिशोबाने तीन-चार मीटरलाच स्वतःच्या वजनाने वाकेल. उंची दुप्पट हवी तर रुंदी जवळपास पावणेतीन पट करावी लागते. तेल अवीवला २०१७ च्या अखेरीस जवळपास ३६ मीटरचा मनोरा उभा राहिला, तो काही एकेरी खांब नव्हता.

तेव्हा पोकळ चौकोनी बांधा, चारी बाजूंनी तारा ताणा. तुमच्या गटात कोणी विटेच्या ताकदीचा आकडा फेकला तर त्याला सांगा, पडलेल्या मनोऱ्याची खालची वीट आधी तपास.

आणि हो, माझे तीन-चार मीटर विटा चिकटवून एकसंध केल्या असं धरून, तेही वारा नसताना. नुसत्या दाबून बसवल्या तर त्याहून कमीच.