दिवसा बॅटरी उकळते, रात्री दिवे मंद: मॉडेल ए चा डायनॅमो

तुमच्या १९३० च्या फोर्ड मॉडेल ए ची तक्रार अशी: दिवसा लांब पल्ला मारला की बॅटरीचं पाणी उकळतं, रात्री मात्र हेडलाइट पिवळे पडतात. मेकॅनिकने चार्जिंग वाढवून १४ अँपिअर करून दिलं, आणि आता तो ही सहा व्होल्टची गाडी १२ व्होल्ट करून अल्टरनेटर बसवा म्हणतोय. कृपा करून एवढ्यात तसं काही करू नका. डायनॅमो (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र) नादुरुस्त नाही, त्याचा स्वभावच तसा आहे.

या डायनॅमोला व्होल्टेज रेग्युलेटर नाही. फील्ड कॉइलला (चुंबकक्षेत्र तयार करणाऱ्या गुंडाळीला) करंट मिळतो तो तिसऱ्या ब्रशवरून, म्हणजे दोन मुख्य ब्रशांखेरीजच्या, सरकवता येणाऱ्या ब्रशवरून. वेग वाढला की आर्मेचरचं (आतल्या फिरत्या भागाचं) स्वतःचं चुंबकक्षेत्र मूळ क्षेत्राला वाकवतं, तिसऱ्या ब्रशवरचा व्होल्टेज उतरतो आणि चार्जिंग आपोआप आवरतं. म्हणजे वेगापासून बचाव झाला. पण बॅटरी किती भरली आहे, हे त्याला कळत नाही. उलट बॅटरी भरत आली की तिचा व्होल्टेज चढतो, फील्डला जास्त करंट मिळतो आणि चार्जिंग वाढतं. जेवून उठलेल्याला आग्रह आणि भुकेल्याला हात आखडता, असा हा वाढपी आहे.

आता हिशोब करा. मूळ बॅटरी ८० अँपिअर-तासांची. दिवसा चार तास अँमीटर (करंट दाखवणारा मीटर) १४ वर राहिला तर ५६ अँपिअर-तास आत गेले, आणि सकाळी बॅटरी जवळजवळ भरलेलीच होती. पाणी उकळणार नाही तर काय?

मंद दिव्यांचं मूळ बहुधा वेगळंच आहे: अर्थ, म्हणजे गाडीच्या पत्र्यातून करंट परतण्याची वाट. हेडलाइटचा परतीचा करंट दिव्याच्या पत्र्यातून, आडव्या बारमधून चेसिसला जातो. रिस्टोरेशनमध्ये सगळं चकाचक रंगवलं की हाच रस्ता बुजतो. दिवे लावा, मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला (या गाडीत प्लस अर्थला असतो) आणि दुसरी हेडलाइटच्या आतल्या उघड्या पत्र्याला लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर रंग खरवडून स्वतंत्र अर्थ वायर टाका. सहा व्होल्टमध्ये ०.६ व्होल्ट गळाला तर उजेड जवळजवळ तीस टक्क्यांनी उतरतो. माझ्या गाडीचे दिवे मी दोन वर्षं बल्ब बदलत बसलो होतो. शेवटी हातभर वायरने काम झालं. सेल्फची केबलही बघून घ्या. १२ व्होल्टच्या गाडीची बारीक केबल इथे चालत नाही, कारण तेवढ्याच ताकदीला दुप्पट करंट लागतो.

अर्थ सुधारल्यावरच तिसऱ्या ब्रशला हात लावा. इंजिन बंद, बॅटरीची वायर काढलेली. ब्रश फिरण्याच्या दिशेने सरकवला की चार्जिंग वाढतं, उलट सरकवला की कमी होतं. केसभर सरकवा आणि वायर घट्ट जोडून बघा. हेडलाइट लावून मध्यम वेगाला अँमीटर शून्य ते अधिक दोन दाखवू लागला की थांबा. दिवे बंद केल्यावर साधारण आठ दिसेल. दिवसा लांब जायचं असेल तर अधूनमधून हेडलाइट लावून चाला. जुने ड्रायव्हर हेच करायचे, आणि ते बरोबर होतं. एलईडी बल्ब घातलेत तर खप घटतो, मग चार्जिंग कमी करायला ब्रश पुन्हा उलट सरकवायलाच हवा. हे बहुतेक जण विसरतात.

दोन धोके मात्र मनावर घ्या. बॅटरीचं टर्मिनल सैल राहून चालत्या गाडीत सुटलं तर डायनॅमोला आवर घालणारं काही उरत नाही. व्होल्टेज उसळतो, बल्ब जातात, फील्ड कॉइल जळते. दुसरा, डायनॅमोवरचा कटआउट, म्हणजे डायनॅमो थांबला की त्याला बॅटरीपासून तोडणारा स्विच. त्याचे पॉइंट चिकटले तर इंजिन बंद असतानाही बॅटरी डायनॅमोत रिकामी होत राहते आणि वायर तापते. इंजिन बंद केल्यावर एकदा अँमीटरकडे बघायची सवय लावा. काटा उणे बाजूला झोपलेला दिसला तर आधी बॅटरीची वायर काढा, बाकी विचार नंतर.