नव्या कुत्रीला घराचे नियम कसे लावावेत?

प्रश्न : आम्ही नुकतीच दीड वर्षांची देशी कुत्री दत्तक घेतली आहे. जेवताना ती ताटापाशी येते. मी रागावते, पण सासूबाई तिला पोळीचा तुकडा देतात. सोफ्यावरून उतरवायला गेले, की ती गुरगुरते. काय करावे?

उत्तर : नियम आधी घरातल्या माणसांनी एकमताने ठरवावेत, कारण कधीतरीच मिळणाऱ्या तुकड्यामुळे मागण्याची सवय सुटण्याऐवजी अधिक घट्ट होते. सासूबाईंचा जीव तिच्यात गुंतला आहे, हे चांगलेच आहे; तिची वाटी भरण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. तुमच्या जेवणाच्या वेळी तिला तिच्या चटईवर बसवून चघळायला काहीतरी द्यावे. कांदा-लसूण घातलेले अन्न मात्र तिला मुळीच देऊ नये, कारण त्याने रक्तातील तांबड्या पेशींना इजा होते.

गुरगुरल्याबद्दल तिला कधीही मारू किंवा दटावू नये. ती पूर्वसूचना असते, आणि ती दडपली गेल्यास कुत्रे पुढे न गुरगुरता थेट चावू शकते. तिला ओढून न उतरवता खाऊ दाखवून खाली बोलवावे आणि उतरताच तो द्यावा. हात लावताच ती गुरगुरत असेल, तर कान किंवा सांधे दुखत नाहीत ना, हे पशुवैद्यांकडून आधी तपासून घ्यावे.