आठ जणांच्या चर्च क्वायरसाठी गाणी कशी निवडायची आणि सगळ्यांपर्यंत कशी पोचवायची? (नागपूर)

आधी आवाज मोजा, गाणी मग. आठांत पुरुष दोनच असतील तर चार भागांच्या रचनेचा (बायकांचे दोन, पुरुषांचे दोन सूर) हट्ट सोडा. मूळ चाल आणि खाली एक जोडसूर, एवढं नीट बसलं तरी मंडळी, म्हणजे उपासनेला आलेले लोक, खूश होते. आमच्याकडे ख्रिसमसचं एक गीत दरवर्षी तिसऱ्या ओळीला चिरकायचं. पेटीवर काळी तीनऐवजी काळी एक धरली, म्हणजे पट्टी (गाण्याचा मूळ सूर) खाली आणली, आणि तक्रार संपली. इतकं साधं होतं, पण सुचायला तीन वर्षं लागली!

नवीन गाणं महिन्याला एकच घ्या. बाकी 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहातली ओळखीची गीतं, म्हणजे मंडळीही सोबत गाते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं पेटी-तबल्यावर छान बसतात. नागपुरात हिंदी बोलणारेही बसलेले असतात, तेव्हा एखादं हिंदी भजन ठेवाच.

वाटायचं म्हणाल तर शब्दांची पीडीएफ आणि प्रत्येक भागाचं वेगळं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर टाका. फाइलच्या नावातच पट्टी लिहा, नाहीतर "कोणती पट्टी जी?" हे शनिवारी रात्री अकरापर्यंत चालतं.

हक्कांचं म्हणाल तर उपासनेत गायला भारतीय कायद्यात सूट आहे, प्रती काढून वाटणं ही वेगळी गोष्ट. टिळक १९१९ साली वारले आणि आपल्याकडे मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे त्यांचे शब्द मोकळे. नव्या गीतांना मात्र गीतकाराला विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात.